पान लागलं की भाऊंकडे न्या

साकव

मंगळवारी पहाटे भाऊ गेले. स्वादुपिंडाचा कॅन्सर, निदानापासून साडेचार महिने. त्यांचं नाव लिहीत नाही. नाव छापून आलेलं त्यांना कधी आवडलं नाही, आता तक्रार करायला नाहीत म्हणून मी फायदा घेणार नाही.

सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात ते एकतीस वर्षं एम.ओ., म्हणजे मेडिकल ऑफिसर, होते. मिरजेहून एमबीबीएस करून बाँडपुरते, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेपुरते, आले आणि राहिले. त्यातली तेरा वर्षं, १९९४ ते २००७, मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसले. मी बायकांची डॉक्टर, ते बाकी सगळ्याचे. बाकी सगळं म्हणजे ताप, खोकला, मारामाऱ्या, माडावरून पडलेले, पोस्टमॉर्टेम, आणि जूनपासून दिवाळीपर्यंत साप.

आमच्याकडे साप चावला असं तोंडाने म्हणत नाहीत. जनावर चावलं म्हणतात, नाहीतर पान लागलं. तालुक्यात या वाक्याचा उत्तरार्धही ठरलेला होता. पान लागलं, भाऊंकडे न्या.

मला त्यांची एकच सवय लिहायची आहे. बाकीचं इतर लिहितील.

फुरसं किंवा घोणस चावली की रक्त गोठेनासं होतं. ते बघायची तऱ्हा इतकी साधी आहे की नव्या इंटर्नला ती खरी वाटत नाही. काचेच्या कोऱ्या, कोरड्या ट्यूबमध्ये दोन मिली रक्त घ्यायचं, ट्यूब उभी ठेवायची आणि वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. हलवायची नाही, मधेच डोकावायचं नाही. वीस मिनिटांनी एकदा तिरकी करायची. गोळा धरला असेल तर तूर्त ठीक. पाण्यासारखं ओघळलं तर विषावरची लस सुरू.

आम्ही बाकीचे त्या वीस मिनिटांत दुसरी कामं उरकायचो. भाऊ ट्यूब खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचे, केसपेपरवर वेळ टाकायचे, पेशंटकडे एकदा बघून घ्यायचे आणि स्टूल ओढून नातेवाइकांसमोर बसायचे. उभं राहून नातेवाइकांशी बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. पहिला प्रश्न कधीच "कुठचं जनावर होतं" हा नसायचा. पहिला प्रश्न "जेवलात काय?" मालवणी त्यांना शेवटपर्यंत नीट आली नाही, घाटी हेल जायचा नाही, त्यावर बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मग घरी कोण आहे, गुरं बांधली का, दूध कोण काढणार, पोरं कुणाकडे ठेवलीत. दहाव्या मिनिटाला तो दगडासारखा बसलेला नवरा किंवा सासरा बोलायला लागायचा, आणि मग खरी वेळ बाहेर पडायची. केसपेपरवर "अर्ध्या तासापूर्वी" लिहिलेलं असायचं. प्रत्यक्षात तीन तास झालेले असायचे. आधी पाला चोळलेला, मग घाड्याकडे, म्हणजे गावच्या मांत्रिकाकडे, नारळ, मग गाडी शोधणं. ओरडून विचारलं असतं तर कुणी सांगितलं नसतं.

पहिली काही वर्षं मला वाटायचं, मायाळू माणूस आहे. मग वाटायला लागलं की हा लबाड हिस्टरी काढतोय. पुढे दोन्ही वेगळं करून बघायचा नाद सोडला.

दुसरी गोष्ट माझ्या चुकीची आहे. १९९९चा जून. पहाटे एका एकोणीस वर्षांच्या मुलाला आणलं. रात्री जमिनीवर चटई टाकून झोपलेला, पहाटे पोटात कळा, मग पापण्या जड. चावल्याची खूण कुठेही नाही. भाऊंनी पापण्या बघितल्या आणि "मण्यार" एवढंच म्हणाले. लस लावली, पण साडेआठपर्यंत श्वास आखडत आला. नळी घातली. व्हेंटिलेटर आमच्याकडे नव्हता. गोव्याला बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवायचं तर नदी पुलावरून वाहत होती. मग अँबू, हाताने श्वास द्यायची पिशवी. एक-दोन-तीन-चार मोजून पिशवी दाबायची, सोडायची, परत. नातेवाइकांच्या पाळ्या लावल्या, अर्ध्या अर्ध्या तासाच्या, भिंतीवर खडूने नावं लिहून.

संध्याकाळी मी बॅटरी मारून डोळे बघितले. बुबुळं फाकलेली, उजेडाला हलत नव्हती. हातपाय लुळे. मी सिस्टरला म्हटलं, "मेंदू गेलाय, उगाच ताणतायत." भाऊंनी मला कोपराला धरून व्हरांड्यात नेलं. आवाज चढवला नाही. "बाई, मण्यारीत शुद्ध जात नाही. तो ऐकतोय." मग आत जाऊन त्या मुलाच्या कानाशी वाकून म्हणाले, "बाबू, तुला ऐकू येतंय हे मला ठाऊक आहे. पापणी उचलता येत नाही एवढंच झालंय. तुझा काका पिशवी दाबतोय. तू घाबरू नको, तो दमला की मी आहे." दर तासाला हेच. किती वाजले, पाऊस पडतोय की थांबलाय, आई जेवली की नाही, तेही.

एकतीस तासांनी त्याचं करंगळीशेजारचं बोट हललं. आठवड्याने घरी गेला. जाताना त्याने सांगितलं की सगळं ऐकू येत होतं. दोन चुलते उशाशी बसून काजूची बाग कशी वाटायची ते बोलत होते, तेसुद्धा. आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, तुम्ही म्हणालात मेंदू गेलाय."

मी त्या दिवसानंतर बेशुद्ध पेशंटच्या खोलीत तोंड सांभाळून बोलते.

भाऊंना ओळखणारे इथे दोघेतिघे तरी असतील. लिहा.

---

टेबलपंखा

भावपूर्ण श्रद्धांजली. असे देवमाणूस डॉक्टर आता राहिले नाहीत. सगळा धंदा झालाय.

---

साकव

आभार. पण देवमाणूस नको. विडी ओढायचे, तीही लेबर रूमच्या मागच्या दारात, आणि सिस्टरनी पकडलं की शाळकरी पोरासारखी खिशात विझवायचे. दोन शर्टांना भोकं पडली होती. जिल्ह्याच्या मीटिंगला कधी वेळेवर गेले नाहीत. रजिस्टर अपुरी म्हणून दोनदा मेमो. आणि "राहिले नाहीत" म्हणू नका, त्याच खुर्चीवर आत्ताही कुणीतरी नाईट करतंय.

---

चिंचेखालचा

साकव, मला फोनवर कळवलंत तेव्हा मी फक्त "बरं" म्हणालो, त्याबद्दल माफ करा. काही सुचलं नाही.

आम्ही मिरजेला एका बॅचचे. हॉस्टेलला समोरासमोरच्या खोल्या. पहिल्या दिवशी डिसेक्शन हॉलमध्ये हा आडवा झाला. फॉर्मॅलिनचा वास आणि उपाशी पोट. पडताना माझा कोट धरला, म्हणून मीही. वर्षभर आम्हाला "दोन बॉडी" म्हणायचे.

सांगलीच्या सिव्हिलला पोस्टिंग असलं की मिरज-सांगली एसटीने जा-ये. त्या गर्दीत हा नेहमी दारात, कारण आत गेला की कुणीतरी म्हातारी त्याला "बाळा, हे जरा वाच" म्हणून औषधाची चिठ्ठी द्यायची आणि तो तिच्याबरोबर दोन स्टॉप पुढे उतरायचा. एकदा मेडिसिनच्या टर्मिनलला यापायी चाळीस मिनिटं उशीर झाला. सरांनी विचारलं तर म्हणाला, "सर, ती डिजॉक्सिन दिवसातून तीनदा घेत होती." (हृदयाची गोळी, एरवी दिवसातून एकदाच घ्यायची.) सरांनी पेपर दिला, पण वेळ वाढवून दिली नाही.

दर्ग्याच्या उरुसात आम्ही रात्र रात्र बसायचो. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावाने तिथे चिंचेच्या झाडाखाली गाणं होतं, खाँसाहेबांची कबरही तिथेच. मला गाण्यातलं काही कळत नाही, मी भज्यांसाठी जायचो. हा डोळे मिटून बसायचा. एकदा पहाटे परत येताना म्हणाला, "आलाप म्हणजे काय माहितीये का? घाई नाही एवढंच." मी म्हटलं, झोप.

तुमची वीस मिनिटांची गोष्ट वाचली आणि हे आठवलं. त्याचा याच्याशी संबंध असेलच असं नाही. पण मला तो जोडावासा वाटतोय.

आमच्यातले बहुतेक पीजी करून पुण्या-मुंबईत स्थिरावले. मी पण. मी त्याला तीनदा बोलावलं, माझ्याच हॉस्पिटलात. तिसऱ्या वेळी म्हणाला, "तुझ्याकडे एसी आहे, मला थंडी वाजते." त्यानंतर विचारलं नाही. विचारायला हवं होतं का, ते आठवडाभर डोक्यात आहे.

---

रातांबा

मालवणीतच लिवतंय, समजान घेवा.

२००३ च्या दिवाळेआदी माझ्या बापाशीक फुरसा चावला. भात कापूक गेल्लो. आमी पयलो घाड्याकडे गेलो, थंय दोन तास गेले. हॉस्पिटलात पोचलो तेवा दातातसून रगत येय होता. डॉक्टर आमका एक शब्द वायट बोललो नाय. फकत इचारल्यान, "घाडी काय म्हणालो?" माझ्या काकान सगळा सांगल्यान.

मगे फुडल्या रविवारी डॉक्टर सोताच घाड्याकडे गेलो. थंय काय बोलाचाली झाली ती कोणाक ठावक नाय. पण तेवापासून आमचो घाडी गाऱ्हाणा गाडयेत बसान घालता. गाडी थांबवूक देना नाय. बापूस अजून आसा. काल त्याका सांगलंय तर सांजेपर्यंत कोणाशी बोललो नाय.

---

साकव

रातांबा, काय बोलणं झालं ते मला माहीत आहे. भाऊ म्हणाले होते, "तुझा मंत्र खरा असेल तर तो चालत्या गाडीतही चालेल." घाडी म्हणाला, चालेल. पुढची कित्येक वर्षं त्याच्याकडून येणारी केस सगळ्यात लवकर पोचायची, कारण त्याच्या दारात आता रिक्षाच उभी असायची. ती रिक्षा त्याच्या पुतण्याची होती, हा भाग वेगळा.

---

घाटावरची

विषय सोडून विचारते, राग मानू नका. आमच्या शेतावर घोणस खूप आहेत. चावल्यावर वर घट्ट बांधायचं की नाही? शाळेत तर बांधा म्हणून शिकवलं होतं.

---

भुलभुलैया

विषय सोडून अजिबात नाही, भाऊंना हाच प्रतिसाद सगळ्यात आवडला असता.

बांधायचं नाही. चिरायचं नाही, चोखायचं नाही, बर्फ नाही. घोणशीत घट्ट बांधलेल्या हाताची बोटं काळी पडलेली मी पाहिली आहेत. अंगठी, बांगड्या, पैंजण आधी काढा, सूज चढली की निघत नाहीत. हात किंवा पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका आणि थेट लस असलेल्या दवाखान्यात न्या. १०८ लावा, पण दारात गाडी उभी असेल तर तिची वाट बघत बसू नका. आणि साप मारून पिशवीतून आणू नका. लस चारही मुख्य जातींवर एकच असते, नाग, मण्यार, घोणस, फुरसं. मेलेल्या सापाचं डोकंही चावू शकतं, आणि आमच्या कॅज्युअल्टीत एकदा पिशवीतलं जनावर मेलेलं नव्हतं. भाऊ टेबलावर चढले होते. त्यांना सापाची जाम भीती वाटायची. हे कुणी लिहिलं नाही अजून.

मी भूलतज्ज्ञ. आठवड्यातून दोन दिवस तिथे जायचो, सिझेरियनच्या यादीसाठी. साकव यांनी गोड गोड लिहिलंय, ते खरंच आहे, पण एक गोष्ट त्यांनी टाळली आहे आणि ती टाळू नये असं मला वाटतं. एका वर्षी, साल सांगत नाही, ऐन पावसात लस संपली होती. मागणी केलेली होती, आली नव्हती. नऊ वर्षांची मुलगी, फुरसं. ट्यूब तिरकी केली, ओघळली. तिला पुढे पाठवलं, ती वाटेत गेली. वरून सांगण्यात आलं की कागदावर "उशिरा आणल्यामुळे" लिहा. तिला आईबापांनी चाळीस मिनिटांत आणलं होतं. भाऊंनी लिहिलं, "लस उपलब्ध नव्हती." त्यावरून पुढे दीड वर्ष चौकशी चालली, त्यांची. दर तारखेला आपल्या पैशाने ओरोसला, जिल्ह्याच्या ठिकाणी, जायचे आणि दुपारी परत येऊन ओपीडी करायचे.

त्या रात्री ते व्हरांड्याच्या पायरीवर बसले होते. मी शेजारी बसलो. बराच वेळाने म्हणाले, "मी त्यांना जेवलात काय विचारलं रे." बस एवढंच.

---

साकव

टाळली होती. बरोबर आहे तुमचं.

---

नाईटड्यूटी

मी सिस्टर. अठरा वर्षं तिथे काढली, आता रिटायर. मला इथे लिहायची सवय नाही, नातवाने टाइप करून दिलंय.

साप सगळ्यांनी लिहिला, मी विंचू सांगते. काळी इंगळी दिसायला मोठी, पण जीव घेतो तो छोटा लाल विंचू. मूल घामाने भिजतं, उलट्या करतं, हातपाय बर्फासारखे गार, मग छातीत पाणी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिनची गोळी लागू पडते हे दाखवून दिलं, आणि भाऊंच्या ड्रॉवरमध्ये त्यांच्या लेखांची झेरॉक्स असायची, पाणी पडून पिवळी झालेली. बावस्करांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा भाऊंनी रिटायर होऊनही दवाखान्यात पेढे पाठवले, जसा काही घरचा सोहळा.

गोळी ब्लडप्रेशरची. ती दिल्यावर मुलाला उचलून घ्यायचं नाही, बसवायचं नाही, प्रेशर एकदम पडतं. पण कुठली आई ऐकते? पोर रडतंय, ती उचलणारच. भाऊ आईला म्हणायचे, "तू डोकं सांभाळ, मी पाय सांभाळतो," आणि मुलाचे दोन्ही तळवे हातात धरून बसायचे. आईला वाटायचं डॉक्टर माया करतायत. ते बघत असायचे पाय कोमट होतात का. दर तीन तासांनी गोळी, पाय गरम होईपर्यंत. मला हाक मारायचे, "सिस्टर, हात लावून बघा हो, मला वाटतंय म्हणून वाटतंय की खरंच?" मी हात लावायची. कधी कधी नसायचे गरम. "अजून नाही," म्हटलं की मान हलवून परत धरायचे.

ट्यूबचा किस्सा साकव मॅडमना माहीत नसेल, त्या बाळंतपणाच्या रजेवर होत्या. एका आठवड्यात चार जणांचं रक्त गोठेना. एकाला तर पाणदिवड चावलेली, बिनविषारी, पोराने डबीत पकडूनच आणली होती. भाऊंना शंका आली. त्यांनी स्वतःच्या दंडाला पट्टा बांधून मला रक्त काढायला लावलं. वीस मिनिटांनी तिरकी केली तर यांचंही ओघळलं! म्हणाले, "सिस्टर, मला फुरसं चावलंय आणि मला माहीतच नाही." मग शोध लागला. नव्या मावशी फार कामसू, त्या वापरलेल्या ट्यूब निरम्याने चकचकीत धुऊन परत ठेवायच्या. साबण राहिला की काचेत रक्त गोठत नाही. मावशी रडायला लागल्या, नोकरी जाते म्हणून. भाऊंनी कोल्हापुरातून पदरच्या पैशाने कोऱ्या ट्यूबची खोकी आणली आणि मावशींना नवं काम दिलं, वापरलेली प्रत्येक ट्यूब फोडून डब्यात टाकायची. "इतकी वर्षं घरात भांडी फुटली की बोलणी खाल्लीत, आता पगार घेऊन फोडा."

त्या मावशी बुधवारी आल्या होत्या. बाहेरच बसून राहिल्या.

---

लेक

मी त्यांची मुलगी. साकवमावशीने धागा पाठवला. दोन दिवस वाचतेय, प्रतिसाद द्यावा की नाही कळत नव्हतं.

मला यातल्या अर्ध्या गोष्टी माहीत नव्हत्या. पायरीवरची तर नाहीच. घरी बाबा फार बोलायचे नाहीत. "जेवलात काय" आमच्याकडे आई विचारायची, त्यांना, रात्री अकरा वाजता, दुसऱ्यांदा गरम केलेल्या ताटाशी. माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशी ते नव्हते, नाचाच्या अरंगेत्रमला नव्हते, आजी गेली तेव्हा दोन तास उशिरा आले. दर वेळी कारण खरं असायचं, म्हणून भांडताही यायचं नाही. खोटं कारण असलेला बाप परवडला असं मी एकदा म्हणाले होते. ते हसले नाहीत.

हे मी त्यांना कमी करायला लिहीत नाहीये. तुमच्याकडे ती वीस मिनिटं होती ती कुठून तरी आलेली होती, एवढंच.

निदान झालं तो दिवस सांगते. सीटीच्या फिल्म आणल्या आणि त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीवर, उजेडाला धरून बघितल्या. एकेक. आई भाजी चिरत होती. बऱ्याच वेळाने म्हणाले, "चहा टाक." मग स्टूल ओढून आईसमोर बसले आणि सगळं सांगितलं, शब्द न गाळता, किती दिवस, काय काय होईल, कुठे दुखेल. आईचा हात धरला नव्हता. मनगट धरलं होतं, नाडी बघतात तसं. मी दारातून पाहिलं.

केमोचे दोन डोस घेतले, मग पुरे म्हणाले. मॉर्फिनच्या गोळ्यांचा हिशेब स्वतः लिहायचे, शेवटचे आठ दिवस सोडून.

विचारायचं ते हे. कपाटात त्यांच्या चौदा वह्या सापडल्या. दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या. पहिली १९८७ची. आईला बघवत नाहीत, मला टाकवत नाहीत. काय करायचं?

---

भुलभुलैया

टाकू नकोस! कृपया.

त्या वह्यांत एकूण एक चावा आहे. तारीख, चावल्याची वेळ, पोचल्याची वेळ, जागा म्हणजे शेत, गोठा, अंथरूण, वाट, आधी काय उपचार केले, ट्यूब, किती बाटल्या लस, रिअॅक्शन आली का. सरकारी रजिस्टर अपुरी म्हणून मेमो घेणारा माणूस हे घरी जाऊन लिहायचा. जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातलं २०१७ मध्ये. २०२० मध्ये एक मोठा अभ्यास आला, त्यात २००० ते २०१९ या काळात भारतात वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं सापाने मेल्याचा अंदाज होता. केंद्राचा कृती आराखडा आला २०२४ मध्ये, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून. आणि अजूनही सगळे विचारतायत की नोंदी कुठे आहेत. एका तालुक्याच्या तीस वर्षांच्या नोंदी तुझ्या कपाटात आहेत, बाळ.

फक्त नावं झाकल्याशिवाय कुणाच्या हातात देऊ नकोस. एखाद्या मेडिकल कॉलेजच्या पीएसएम, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या, विभागाला देता येतील, मी बोलतो.

---

साकव

मी रविवारी येते गं. आपण दोघी बसून आधी वाचू, मग ठरवू. शेवटच्या रकान्याचं नाव बघितलंस का? "पुढे काय". तो रकाना भाऊ महिन्या-दोन महिन्यांनी भरायचे, पेशंट बाजारात भेटला की. त्यात "लग्न झालं", "बोट वाकत नाही पण रिक्षा चालवतो", "आंबे आणून दिले, आंबट" असलंही आहे. पीएसएमवाल्यांना त्याचं काय करायचं ते कळणार नाही.

आणि दहावीच्या निकालाचं. त्या दिवशी दुपारभर ते दर पेशंटला सांगत होते. मी ते तुला तेव्हा सांगायला हवं होतं.

---

लेक

या रविवारी. आई म्हणतेय, जेवायलाच या.

---

चिंचेखालचा

मीही येऊ का? मिरजेहून भडंग आणतो, त्याला आवडायचं. तिथपर्यंतचा रस्ता मात्र मला माहीत नाही, कधी आलोच नाही.

---

नवाएमओ

नमस्कार. मी सध्या त्याच आर.एच.ला, ग्रामीण रुग्णालयात, आहे, बाँडवर, सात महिने झाले. सरांना दोनदाच भेटलो. धागा नाईटला वाचतोय.

स्टूल अजून आहे. कॅज्युअल्टीत, खिडकीखाली. एक पाय आखूड, त्याच्याखाली घडी घातलेला केसपेपर. परवा मी तो काढून बघितला, १९९६चा आहे, खोकल्याचा. परत घातला.

खिडकीच्या कट्ट्यावर पांढऱ्या रंगाने एक गोल काढलेला आहे, तो कशाचा ते मला आज कळलं. मी तिथे मोबाइल चार्जिंगला ठेवायचो.

केस आली आहे, नंतर लिहितो.

---

साकव

काय आहे?

---

नवाएमओ

फुरसं, पायाला. काजूच्या बागेत गवत काढताना. बाई आहेत पन्नाशीच्या. दीड तासापूर्वी म्हणत होते. नवऱ्याशी बोलत बसलो तर पाच तास निघाले.

ट्यूब ओघळली. दहा बाटल्या सुरू केल्यात, लसीची रिअॅक्शन आली तर म्हणून अॅड्रिनलिन भरून उशाशी ठेवलंय. आतापर्यंत पुरळ नाही, खाज नाही.

---

साकव

सहा तासांनी परत ट्यूब. लघवीचा रंग बघत राहा.

---

नवाएमओ

हो मॅडम. गजर लावलाय. त्यांचा नवरा जेवला नव्हता, माझा डबा दिला.